ठिपका हलत नव्हता

मी लेन्स पुसली होती. त्या सकाळचं बाकीचं आता हळूहळू धूसर होत चाललंय, पण एवढी एक गोष्ट पुसट व्हायला तयार नाही. उजव्या हातमोज्यात मऊ कापडाची घडी खोचून ठेवायची मला सवय आहे. ती काढली, कॅमेरा छातीशी धरून लेन्सवरून दोनदा फिरवली, घडी परत खोचली आणि पुन्हा डोळा लावला. मघाशी चौकटीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात दिसलेला काळा ठिपका जागच्या जागी होता. मला त्याचा राग आला, तेही स्वच्छ आठवतं. चांगल्या फोटोत किडा आला की येतो तसा राग. आमचं हेलिकॉप्टर विजेच्या मनोऱ्याच्या माथ्याशेजारी हवेत उभं होतं. उजव्या बाजूचं मागचं दार काढून ठेवलेलं, कमरेला पट्टा, तळपायांखाली पन्नासेक मीटर मोकळी हवा, हेडफोनमधूनही कानात भरणारा रोटरचा घोष. लेन्स पुसायला मला तीनेक सेकंद लागली असतील. तेवढ्यात तो ठिपका दीडशे मीटर जवळ आला होता.

ते विमान होतं.

विजेच्या मोठ्या वाहिन्यांची हवेतून पाहणी करायची, हे माझं काम. सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत चमक येते, पण दिवसाचे पाच-सहा तास त्यात जे करायचं असतं ते पोथीतली अक्षरं लावण्यासारखं आहे. एक मनोरा, त्याचे हात, हातांना लटकलेल्या इन्सुलेटरच्या चकत्यांच्या माळा, माळेच्या टोकाला तार. मग पुढचा मनोरा. चकतीला तडा आहे का, तारेचा एखादा पदर सुटलाय का, नटाभोवती गंजाची तांबूस रांगोळी उतरली आहे का. मनोऱ्याजवळ तारेवर डंबेलसारखी छोटी वजनं लटकलेली असतात. जॉर्ज स्टॉकब्रिज नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९२० च्या दशकात ती शोधून काढली. मंद, एकसारख्या वाऱ्यात तार डोळ्यांना दिसणार नाही अशी थरथरत राहते आणि वर्षानुवर्षांच्या त्या थरथरीने टेकूपाशी तुटते. ही वजनं ती थरथर पिऊन टाकतात. त्यातलं एखादं सरकून तारेच्या मध्याकडे गेलेलं दिसलं की मला आतून वाईट वाटतं. वयस्कर माणूस आपली नेहमीची खुर्ची सोडून भलतीकडेच बसलेला दिसावा तसं. आणि सगळ्यात बारीक शोध असतो तो पिनेचा. चकत्या एकमेकींत अडकवलेल्या असतात, तो सांधा निसटू नये म्हणून बोटाच्या पेराएवढी वाकवलेली पिन घातलेली असते. ती गळून पडली तरी सांधा लगेच सुटत नाही. महिनोन्‌महिने, कधी वर्षं, काही होत नाही. मग एका वादळात होतं.

त्या सकाळी मला अशी एक रिकामी जागा सापडली होती. पिन नव्हती. दोन तास काही न मिळालेल्या डोळ्यांना ती दिसली तेव्हा जो आनंद झाला तो लपवण्यात अर्थ नाही. छातीत काहीतरी उजळतं. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत आहे की दोष सापडण्याचा आनंद किती निखळ असतो, आणि तो किती जागा व्यापतो.

दोष सापडला की दोन फोटो घ्यायचे असतात. आधी लांबचा, म्हणजे मनोरा कुठला, हात कुठला, माळ कुठली ते कळावं. मग जवळचा. मी लांबचा घेतला तेव्हाच तो ठिपका चौकटीत होता. मला दिसला. मनात म्हटलं, किडा चिकटला वाटतं. जवळचा फोटो घेतला, त्यात अर्थातच तो नव्हता, कारण त्या चौकटीत पिनेच्या जागेखेरीज काही मावतच नाही. पुन्हा लांबचा घ्यायचा ठरवलं आणि लेन्स पुसली. कॅप्टन पुढच्या उजव्या आसनावरून मनोऱ्याकडे बघत होते, पात्यांचं टोक आणि मनोऱ्याचा हात यांच्यातलं अंतर नजरेने धरून. ते म्हणाले होते, “झालं की सांग, वर घेतो, पलीकडच्या बाजूला जाऊ.” तारा ओलांडायच्या तर मनोऱ्यावरूनच ओलांडायच्या असा त्यांचा शिरस्ता होता, कारण तार डोळ्यांना फसवते, मनोरा फसवत नाही. म्हणजे माझ्या तोंडून “झालं” निघालं की आम्ही सरळ वर जाणार होतो. ते विमान येत होतं त्या उंचीला.

मी “झालं” म्हटलं नाही, कारण मला ठिपक्याशिवायचा फोटो हवा होता. नंतर काही सहकारी मला म्हणाले की त्या पुसण्यानेच तुम्हाला वाचवलं. त्यांच्या म्हणण्यात प्रेम होतं. मला ते पटवून घेता आलेलं नाही.

पुसूनही ठिपका गेला नाही तेव्हा मी कॅमेरा खाली घेतला आणि नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. मनोऱ्याच्या पलीकडे, पांढुरक्या आकाशात, एक आडवी बारीक रेघ आणि तिच्या मधोमध गाठ. तिला पंख होते. मला काय म्हणायचं हे शिकवलेलं होतं. नाक म्हणजे बारा, उजवा हात म्हणजे तीन. दिशा सांगायची, उंची सांगायची, काय आहे ते सांगायचं. ते सगळं कुठे गेलं देव जाणे. मी फक्त “विमान” असं ओरडले, आणि लगेच “वर नको” असं काहीतरी. मी काय पाहिलं, किती पाहिलं, हे विचारायला कॅप्टनकडेही वेळ नव्हता. मनोरा उजवीकडे, म्हणून डावीकडे. विमान वर, म्हणून खाली. हेलिकॉप्टर माझ्याखालून निघून गेल्यासारखं वाटलं, पट्टा कमरेत रुतला, पोटातलं सगळं गळ्याशी आलं. मान वर केली तर विमानाचं पोट डोक्यावरून चाललं होतं. फिकट रंगाचं पोट, इंजिनाकडून शेपटीकडे ओघळत गेलेली काळ्या तेलाची रेघ, चाकाच्या टायरवरची झिजलेली नक्षी. मी दिवसभर जे करते तेच माझ्या डोळ्यांनी त्या क्षणीही केलं, त्यांनी दोष टिपला. ओघळ ताजा होता. मग हवेचा एक धक्का बसला, आणि पुन्हा फक्त आमच्याच पात्यांचा आवाज.

पुढच्या मोकळ्या रानात कॅप्टननी हेलिकॉप्टर उतरवलं. इंजिन थंड होईपर्यंत नियमाने जेवढं चालू ठेवायचं तेवढं ठेवलं, घड्याळ बघून. पाती थांबल्यावर गवत सरळ झालं. केरोसिनचा वास आमच्या अंगाभोवती रेंगाळत राहिला. त्यांनी हातमोजे काढून मांडीवर एकावर एक ठेवले, कडा जुळवून, आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. मग विचारलं, “तुला कधी दिसलं?”

“दिसल्या दिसल्या सांगितलं,” मी म्हटलं.

मी खोटं बोलत होते असं तेव्हा मला वाटलंच नाही. अजूनही वाटत नाही, आणि अडचण तीच आहे. माझ्या मनाने विमान पाहिलं तो क्षण आणि मी ओरडले तो क्षण, यांत खरोखरच काही अंतर नव्हतं. त्याच्या आधी पाहिला होता तो किडा.

लहानपणी आजोबांचा हात धरून मी एकदा रेल्वेच्या फलाटाच्या अगदी टोकाला उभी होते. लांब, सरळ रुळांच्या शेवटी गाडीचं तोंड दिसत होतं, भर दिवसा लावलेला एक दिवा. मी किती वेळ बघत होते आणि दिवा होता तेवढाच होता. मी विचारलं, गाडी उभी का राहिली? आजोबा म्हणाले, उभी नाही, आपल्याकडे येतेय म्हणून उभी दिसतेय. मग एकाएकी ते तोंड फुगलं, आणि क्षणात आमच्या अंगावरून आवाजाची भिंत गेली. त्यांनी मला दोन पावलं मागे ओढलेलं अजून दंडाला जाणवतं. ते वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते शाळेत सगळ्यांना ऐकवलं. आणि जेव्हा लागलं तेव्हा ते आठवलं नाही.

दर्यावर्दी लोकांना हे फार आधीपासून ठाऊक आहे. समोरच्या जहाजाची दिशा होकायंत्रावर बदलत नसेल आणि अंतर कमी होत असेल तर टक्कर होणार. समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठी १९७२ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत सातव्या क्रमांकाचा नियम हेच सांगतो. पण डोळ्याची घडण याच्या बरोबर उलट आहे. नजरेच्या कडेला जे हलतं ते आपल्याला खेचून घेतं. जे हलत नाही ते मागच्या पडद्याचा भाग होऊन जातं. बाजूने निघून जाणारं, निरुपद्रवी विमान चटकन दिसतं. आपल्यावरच येणारं विमान काचेवरच्या डागासारखं एका जागी बसून राहतं. शिवाय अंतर निम्मं झालं की आकार दुप्पट होतो. आमच्या बाबतीत बारा सेकंद आधी ते सहाशे मीटरवर होतं. अकरा मीटरचे पंख, हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या रुंदीएवढे. त्यांची जाडी मात्र जवळजवळ नाहीच. आकार दुप्पट व्हायला पहिली सहा सेकंदं गेली. पुढच्या कितीतरी पट फुगण्याला उरली होती ती शेवटची सहा. फलाटावरच्या गाडीसारखंच.

बारा सेकंदांचा हा आकडा मी उगीच धरून बसलेली नाही. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने वैमानिकांसाठी काढलेल्या मार्गदर्शनात एक छोटा तक्ता आहे. वस्तू दिसायला ०.१ सेकंद, ते विमान आहे हे ओळखायला १, ते आपल्याच वाटेवर आहे हे कळायला ५, कुठे वळायचं ते ठरवायला ४, हातापायांनी ते करायला ०.४, आणि विमानाने ऐकायला २. बेरीज १२.५. मी हा तक्ता प्रशिक्षणात पाठ केला होता. त्यातल्या पाच सेकंदांच्या ओळीवर मी आता थांबते. आपल्याच वाटेवर आहे हे कळायला पाच सेकंद. माझी पाच सेकंदं जवळच्या फोटोत आणि लेन्स पुसण्यात गेली आणि वर आणखी दोन-तीन गेली.

यावर ‘बघत राहायला हवं होतं’ असं म्हणणं फार सोपं आहे, आणि मी स्वतःला ते कित्येक रात्री म्हटलं. पण मी बघतच होते की. त्या सकाळी माझ्याइतकं डोळे ताणून कुणी काही बघत नसेल. २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला नंतर वाचायला मिळाला. फुप्फुसांच्या स्कॅनमध्ये बारीक गाठी शोधणाऱ्या २४ अनुभवी रेडिओलॉजिस्टना काही स्कॅन दिले. शेवटच्यात गोरिलाचं चित्र घातलेलं होतं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना ते दिसलं नाही. त्यांच्यातल्या अनेकांची नजर थेट गोरिलावरून फिरली होती, हे डोळ्यांचा माग घेणाऱ्या यंत्रावर नोंदलेलं होतं. ही माणसं आळशी नव्हती, त्यांना आपलं काम उत्तम येत होतं. गाठ शोधणाऱ्या डोळ्याने गाठच शोधली. मी पिन शोधत होते. ज्या कसोशीसाठी मला कामावर घेतलं, त्याच कसोशीने विमानाला किडा ठरवलं. हे वाचून मला बरं वाटलं का? थोडं. आणि बरं वाटल्याची लाजही.

आणि कॅप्टन? त्यांच्या डोळ्यांना तर आणखी कामं होती. जमिनीलगत, जवळजवळ शून्य वेगाने हेलिकॉप्टर उभं ठेवणं म्हणजे सुटकेचे सगळे रस्ते आधीच खर्च केलेले असणं. इंजिन बंद पडलं तर नुसत्या वाऱ्यावर पाती फिरवत सुरक्षित उतरायला उंची लागते किंवा वेग लागतो, आणि या कामात दोन्ही नसतं. म्हणून वारा कुठून, शेपटी कुठे, तार किती लांब, खाली उतरायला जागा कुठली, याची बेरीज डोक्यात सतत चालू. मनोऱ्याच्या जाळीमागून येणारं विमान त्यांना माझ्याही आधी दिसावं अशी अपेक्षा करणं अन्याय होईल. त्यांना ते दिसलंच नव्हतं, हे त्यांनी स्वतः सांगितलं. ते माझ्या आवाजावर वळले.

कमी उंचीवरच्या या आकाशाला राखण करणारं कुणी नसतं. मोठ्या प्रवासी विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा असते, ती ‘वर जा’, ‘खाली जा’ असं ओरडून सांगते. पण जमिनीपासून साधारण १,००० फुटांच्या आत तिचे हे आदेश मुद्दाम बंद ठेवलेले असतात, कारण तिथे खाली जा म्हणण्यात धोका आहे. टेकड्यांमुळे रडारला खालचं दिसत नाही. आमच्या हेलिकॉप्टरमध्ये तेव्हा आसपासच्या विमानांचे संदेश पकडून दाखवणारा पडदा नव्हता. आता आहे, आणि तो जेव्हा गप्प असतो तेव्हा मला तो फारसा आवडत नाही. मग उरतात डोळे. ‘बघा आणि टाळा’ हे तत्त्व. ३० जून १९५६ ला ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानं आदळली, १२८ माणसं गेली, तेव्हाही वैमानिकांची मदार याच तत्त्वावर होती. आणि २३ जून १९९३ ला इंग्लंडच्या कम्ब्रिया परगण्यात वायुदलाचं टोर्नेडो हे लढाऊ विमान आणि एक छोटं जेट रेंजर हेलिकॉप्टर कमी उंचीवर आदळलं. हेलिकॉप्टर पाइपलाइनची पाहणी करत होतं. त्यातले दोघेही गेले. टोर्नेडो नुकसान सोसून उतरलं. त्या दोघांच्या मांडीवर नकाशा असेल, नजर खालच्या पट्ट्यावर असेल. मला ते बसलेले दिसतात, कारण ती बसण्याची पद्धत माझीच आहे.

आमच्या डोक्यावरून गेलेलं विमानसुद्धा पाइपलाइनच बघत होतं.

हे दोन दिवसांनी कळलं. कॅप्टननी चौकशी करून त्या वैमानिकाचा नंबर मिळवला आणि फोन लावला, मी शेजारी होते. मी मनात भांडणाची तयारी केली होती. पलीकडचा आवाज ऐकून ती गळून पडली. त्यांना आम्ही दिसलोच नव्हतो. त्या दिवशी ढग खाली होते, म्हणून ते नेहमीपेक्षा खालून उडत होते. जमिनीतली पाइपलाइन त्या मनोऱ्याच्या बाजूने जाते. तिच्यावरचं गवत कुठे पिवळं पडलंय, कुठे कुणी खणतंय, हे त्यांचा सोबती खाली बघून लिहीत होता. मनोरा त्यांना दिसला होता आणि त्याच्यावरून जाण्याइतकी उंची त्यांनी घेतली होती. त्या मनोऱ्याच्या राखाडी जाळीला चिकटून उभं असलेलं, अजिबात न हलणारं हेलिकॉप्टर मात्र त्यांच्यासाठी मनोऱ्याचाच एक भाग होतं. सोबत्याला खाली काहीतरी सावलीसारखं गेल्याचा भास झाला होता, त्याने तो बोलून दाखवला नाही. हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी त्या माणसाला कधी भेटलेले नाही. पण त्या सकाळी आम्ही दोघं दोन यंत्रांत बसून एकच गोष्ट करत होतो. दोघांनी आपापली रेघ बघितली, दोघांना काहीतरी दिसलं आणि दोघांनी ते आपल्यापाशीच ठेवलं. दोन्ही उड्डाणांची रीतसर पूर्वसूचना दिलेली होती. वेगवेगळ्या टेबलांवर. दोन्हींचे रेडिओ चालू होते. वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर.

ऑस्ट्रेलियाच्या हवाई सुरक्षा तपास संस्थेने १९९१ साली ‘बघा आणि टाळा’ या तत्त्वाच्या मर्यादांवर एक अहवाल काढला होता. त्यातलं एक निरीक्षण मला औषधासारखं वाटतं. तिकडे विमान आहे असं कुणी आधी सांगितलं असेल तर शोध आठपट परिणामकारक होतो. डोळे तेच, काच तीच, आकाश तेच. फरक फक्त कुणीतरी एक शब्द बोलण्याचा. त्या दोन टेबलांपैकी एकावरून दुसऱ्यावर एक फोन गेला असता तर त्या ठिपक्याला मी पहिल्या फोटोतच विमान म्हटलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

त्याआधी, घटनेच्याच दिवशी, अहवाल लिहायला बसलो तेव्हा कॅप्टननी अंतर लिहिलं तीस मीटर. मी म्हटलं पंधरा. पलीकडच्यांना नंतर अंतर लिहिताच आलं नाही. मी चित्रही काढलं, आणि माझ्या चित्रात विमान मनोऱ्यापेक्षा मोठं झालं. ‘दुसरं विमान प्रथम केव्हा दिसलं’ या रकान्यात कॅप्टननी त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं: निरीक्षकाने दिसताक्षणी सूचना दिली. मी सही केली.

त्याच संध्याकाळी मी दिवसभराचे फोटो लावायला घेतले. पिन नसलेल्या जागेचा जवळचा फोटो सुरेख आला होता. मग लांबचा उघडला. वरच्या उजव्या कोपऱ्यात, आकाशात, एक रेघ आणि मधे गाठ. मोठं करून पाहिलं तर कण फुटायला लागले, पण पंख पंखच होते. फोटोखाली वेळ होती, १० वाजून ४२ मिनिटं ७ सेकंद. आमच्या नाकाखाली एक व्हिडिओ कॅमेरा सतत चालू असतो, त्यात आतलं बोलणंही नोंदलं जातं. मी ते ऐकलं. माझा आवाज १५ व्या सेकंदाला येतो. मधली आठ सेकंदं रोटरचा आवाज आहे, आणि त्यात एका ठिकाणी मी चुटपुटल्यासारखा ‘च्’ करते. लेन्सवर किडा दिसला तेव्हाचा तो ‘च्’.

वीज कंपनीच्या अहवालासाठी फोटो कापून लावायची पद्धत आहे. आकाश कशाला ठेवायचं, मनोरा पुरे. मी कापला. कोपरा गेला. कुणालाच कधी कळलं नसतं. तो कापलेला फोटो पडद्यावर ठेवून मी किती वेळ बसले होते ते सांगता येणार नाही. भीती होती, ती नोकरीची कमी आणि कॅप्टनच्या नजरेची जास्त. त्यांनी माझ्या बाजूने लिहिलेलं वाक्य मी खोटं ठरवणार होते. आणि दुसरीकडे मला १ डिसेंबर १९७४ ची गोष्ट आठवत होती. वॉशिंग्टनजवळच्या डोंगरावर टीडब्ल्यूए कंपनीचं विमान आदळून ९२ जण गेले. त्याच्या सहाच आठवडे आधी युनायटेड कंपनीचे वैमानिक त्याच जागी, उतरण्याच्या परवानगीबद्दलच्या त्याच गैरसमजातून, थोडक्यात वाचले होते. त्यांनी ते सांगितलं, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावधही केलं. बाकीच्या कंपन्यांपर्यंत ते पोहोचलं नाही. त्या दुःखातून १९७६ मध्ये नासाने चालवलेली, नाव गुप्त ठेवून चुका कळवण्याची व्यवस्था उभी राहिली. त्यातले अहवाल मी वाचत असते. दुसऱ्या कुणीतरी लाज बाजूला ठेवून लिहिलेल्या चार ओळींनी मला कितीदा सावध केलंय. ती माणसंही अशीच एखाद्या संध्याकाळी पडद्यासमोर बसली असतील.

सकाळी मी कॅप्टनना तो पूर्ण फोटो दाखवला आणि आवाज ऐकवला. त्यांनी आठ सेकंदांचा तो तुकडा तीनदा ऐकला. चेहऱ्यावर काहीच दिसेना. शेवटी म्हणाले, “हा ‘च्’ कसला?”

“किडा वाटला मला. लेन्सवर.”

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मला तोही सांगायचास.”

मी त्या दिवशी पुरवणी पाठवली. सोबत न कापलेला फोटो, आणि रकान्यात नवा मजकूर: निरीक्षकाला ठिपका सूचनेच्या आठ सेकंद आधी दिसला होता, किडा समजून तिने लेन्स पुसली. हे वाक्य लिहिताना मला स्वतःला ‘ती’ म्हणणं बरं पडलं. कॅप्टननी त्याखाली सही केली. त्यांच्या वागण्यात नंतर फरक पडला का? पडला. सुरुवातीचे काही दिवस ते प्रत्येक मनोऱ्यापाशी थांबण्याआधी एक गिरकी घेऊन चारी बाजू बघायचे आणि मला माझ्या बाजूचं मोठ्याने म्हणायला लावायचे. मला तो अविश्वास वाटायचा. मग कधीतरी लक्षात आलं की ते स्वतःच्या बाजूचंही मोठ्याने म्हणतायत, आणि ते मी ऐकायचं असतं.

तीन आठवड्यांनी त्या मनोऱ्यापाशी पुन्हा जावं लागलं. नवी पिन बसवली होती, तिची नोंद हवी होती. ढग नव्हते. खाली गवतातून पाइपलाइनचा पट्टा टेकडीपर्यंत सरळ गेलेला दिसत होता, मधे मधे खुणेचे खांब. गेल्या वेळी तो आमच्या डोळ्यांसमोर होता आणि मी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. हेलिकॉप्टर त्याच जागी उभं राहिलं. दाराच्या चौकटीत तोच मनोरा, तीच माळ.

“बारा ते दोन मोकळं,” कॅप्टन म्हणाले. “तुझं?”

मी टेकडीच्या कडेपासून सुरुवात केली. थोडं आकाश, थांबणं, थोडं आकाश. अडीचच्या सुमाराला काहीतरी काळं होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले. ते हलत नव्हतं.

“अडीच वाजता, आपल्यापेक्षा वर, ठिपका आहे,” मी म्हटलं. “काय आहे माहीत नाही.”

“थांबलो,” ते म्हणाले, आणि आम्ही दोघं बघत राहिलो. बऱ्याच वेळाने ठिपक्याने एक पंख कलता केला आणि तो वाऱ्यावर बाजूला घसरत गेला.

“पक्षी,” मी म्हटलं.

“दिसला,” ते म्हणाले.

मग मी लांबचा फोटो घेतला.